सुभेदार अण्णांची हँडलं

व्हिडिओ गेमचं हँडल उघडलं की आत काय सापडेल, सांगता येत नाही. सांगलीत भडंग निघायचं, साताऱ्यात कंदी पेढ्याचा चुरा, आणि एकदा तर चक्क दात! तो न्यायला मात्र कुणी आलं नाही. नव्वदच्या दशकात पाच-सहा वर्षं मी हीच हँडलं दुरुस्त करत फिरलो. किस्से जमवायचे असं काही ठरवलं नव्हतं. पण चार स्क्रू काढले की पाचवा किस्सा आपोआप बाहेर पडायचा, त्याला मी काय करणार!

मालक होते सुभेदार अण्णा. फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी दोन पार्लरं टाकली, एक साताऱ्यात, एक सांगलीत. दोन्हीकडं मारामारीच्या गेमची मशीनं. मी नुकताच आयटीआय करून बाहेर पडलो होतो. मला त्यांनी मेंटेनन्सला घेतलं. म्हणजे त्यांच्या भाषेत 'भरती' केलं.

जॉयस्टिक हा शब्द अण्णांना चालायचा नाही. "जॉय कसला? लढाईचं मशीन हाय. हत्यार म्हन!"

रोज सकाळी सावधान उभं राहून रिपोर्ट द्यायचा.

"हत्यार एक?"

"साफ, साहेब!"

"हत्यार दोन?"

"स्प्रिंग ढिली, साहेब!"

"मग सिक रिपोर्टला घे!"

दुरुस्त झालेल्या हँडलाला तीन दिवस लाइट ड्यूटी. त्या मशीनवर अण्णा फक्त बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांना सोडायचे, कारण ते फार हळुवार खेळायचे. एकदा काकांना चेव आला आणि त्यांनी हँडल जरा जोरात ओढलं. अण्णा लांबून ओरडले, "आवं काका, पेशंट हाय त्यो!"

*

सांगलीतलं एक हँडल एकदा मुळातून मोडलं. मुंबईहून नवीन यायला पंधरा दिवस. मी तडक कुपवाडला गेलो. तिथं एका वर्कशॉपात माझा दोस्त जयवंत टर्नर होता. त्याला म्हटलं, "असलंच एक लेथवर काढून दे. पण मजबूत पाहिजे."

हा 'मजबूत' शब्द मी वापरायला नको होता.

जयवंतानं ट्रॅक्टरच्या शाफ्टाच्या तुकड्यातनं हँडल काढलं. बसवलं. पहिल्या गिऱ्हाइकानं ते उजवीकडं दाबलं, तर हँडल जागच्या जागी आणि अख्खं मशीन उजवीकडं सरकलं! त्याला वाटलं, नवीन मॉडेल आलंय. संध्याकाळपर्यंत लोक हौसेनं खेळत राहिले आणि मशीन भिंतीपासून निघून दारापर्यंत पोचलं.

अण्णांनी जयवंताला बोलावून घेतलं. "हे काय रं? हँडल हलत न्हाई!"

जयवंत शांतपणे म्हणाला, "तुमचं मशीनच हलकं हाय, अण्णा."

*

साताऱ्याला एक पैलवान यायचे. तालमीतनं थेट, अंगाला माती तशीच. एका डावात एक हँडल, हा त्यांचा हिशोब. माणूस वाईट नव्हता. मोडलेला तुकडा दोन्ही हातांनी आणून द्यायचा आणि म्हणायचा, "चुकलं बगा."

शेवटी मी आतली नाजूक स्प्रिंग काढली आणि स्कूटरच्या क्लचची घातली. पैलवानांनी हँडल धरलं, दोन्ही पाय रोवले, ओढलं. चेहरा एकदम खुलला. "आता कसं हाताला लागतंय!"

दुसऱ्या कुणाला ते जागचं हलेना. पैलवान मात्र रोज येऊन अर्धा तास उजवं, अर्धा तास डावं असं घामाघूम होईपर्यंत ओढत राहायचे. एक दिवस मी बघितलं, तर मशीनची पिनसुद्धा लावलेली नव्हती.

"पैलवान, मशीन बंद हाय!"

"असू दे की. गेमकडं ध्यान दिलं तर दम चुकतोय."

आठवड्यानं त्यांचे वस्ताद येऊन अण्णांना विचारू लागले, "दुसऱ्या बॅचला पन पाठवू का?"

*

वाईचे एक गुरुजी दर गुरुवारी साताऱ्याला पूजा सांगायला यायचे. काम आटोपलं की टोपी खिशात घालून पार्लरमध्ये. खेळात तरबेज! फक्त एक अडचण होती. त्या गेममध्ये समोरच्यावर आगीचा गोळा सोडायचा तर हँडल खालून पुढं असं गोलाईत फिरवावं लागतं. आपला गडी उजव्या बाजूला असला की हात फिरतो सुलटा, डावीकडं असला की उलटा. गुरुजी उलटा हात फिरवायला तयार नाहीत!

"प्रदक्षिणा उलटी घालायची नसते."

"अहो गुरुजी, हा गेम आहे."

"हात तोच आहे ना?"

त्यामुळं डावीकडं आले की गुरुजी नुसते मार खात उभे राहायचे. मला बघवेना. मी मशीनच्या बाजूला एक बटण बसवलं. ते दाबलं की वरच्या आणि खालच्या वायरची अदलाबदल व्हायची, आणि डावीकडूनही सुलट्या हातानं गोळा सुटायचा. फक्त उडी मारायला हँडल खाली आणि बसायला वर!

गुरुजींनी पहिला गोळा सोडला आणि डोळे मिटले. "बसायचं वर, उडायचं खाली. हरकत नाही. नियम तर राहिला!"

ते गेल्यावर बटण पूर्ववत करायला मी विसरलो. पुढचं गिऱ्हाईक होते एक हवालदार. त्यांना हाणामारीत उडी मारायची होती, तर त्यांचा गडी खाली बसला. तीनदा बसला. हवालदार मशीनवर हात आपटून म्हणाले, "ह्यो पन ऑर्डर ऐकंना!"

*

जयवंताचे सासरे अप्पा मिरजेचे. उभा जन्म तानपुरे लावण्यात गेला. मग नजर गेली, पार अंधार झाला, आणि मुलांनी दुकान बंद केलं. त्यानंतर अप्पा घरात कुणाशी बोलेनासे झाले. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. जयवंताला ते बघवेना. एक दिवस त्यानं स्कूटरवर मागं बसवून त्यांना सांगलीच्या पार्लरमध्ये आणलं. तेवढाच गलका कानावर पडेल म्हणून.

अप्पा बाकावर बसले. तासाभरानं म्हणाले, "तिसऱ्याचा डावा आवाज फाटलाय."

मी तिसरं हँडल उघडलं. हँडल डावीकडं दाबलं की वाजणारा आतला स्विच खरंच मरायला टेकला होता! तेव्हापासून अप्पा रोज यायला लागले. त्यांनी सांगायचं, मी उघडायचं. चारही बाजूंचे स्विच एका सुरात 'टिक' वाजेपर्यंत ते पुढं जाऊ द्यायचे नाहीत. मला सहा-सहा वेळा पत्ती वाकवायला लावायचे. त्या दिवसांत त्यांच्या हँडलाइतकी हलकी हँडलं अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. आणि अप्पा घरी पुन्हा दोन-दोन भाकरी खायला लागले.

मग ते स्वतः हँडल धरायला लागले. कोण कुठून आला, लाथ वर की खाली, सगळं कानानं. हळूहळू हरवायलाही लागले.

एका रविवारी इंजिनिअरिंग कॉलेजचा चॅम्पियन आला. दोन डाव झाले, एक-एक बरोबरी. पार्लर गच्च भरलेलं. अण्णा खुर्चीवर चढून उभे. जयवंत तर नखं खात होता. तिसरा डाव रंगात आला आणि फट्‌कन मशीनची पिक्चर ट्यूब गेली. काळाकुट्ट पडदा! आवाज मात्र चालू.

चॅम्पियननं हँडल सोडलं. "थांबा, थांबा!"

अप्पा थांबले नाहीत. टिक, टिक, टिक. मशीनच्या आतून कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी धाडकन पडलं, आणि अप्पांच्या गड्याची विजयाची आरोळी आली. सगळ्या पार्लरनं एकच कल्ला केला. जयवंत तर मला मिठी मारून रडायलाच लागला.

चॅम्पियन चिडून म्हणाला, "ही मॅच धरायची नाही! पडदा गेला होता!"

अप्पांनी हँडलावरचा हात काढला. आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"पडदा पन असतोय व्हय ह्याला?"