तांब्याच्या रेषेतली खाच

प्रयोगशाळेत तिला सगळे 'ठिणगी' म्हणत. नाव गमतीत पडलं आणि चिकटलं ते कायमचं. तिचं कामच ठिणग्या पाडायचं. लेझरचा झोत भिंगातून तांब्याच्या पट्टीवर मारायचा. टक् असा आवाज होतो, आणि तांदळाच्या दाण्याएवढी हिरवट ज्वाळा उठते न उठते तोच विझते. तेवढ्यात तिथलं तांबं वाफ होऊन सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त तापलेलं असतं. त्या ज्वाळेचा उजेड रंगारंगांत फोडून पडद्यावर पाहिला, की प्रत्येक धातू आपल्या रेषांवरून ओळखू येतो.

खोलीला खिडकी नाही. काळे पडदे, दारावर लाल दिवा, डोळ्यांवर जाड चष्मा. शिवाय यंत्रांसाठी सोडलेला गारठा. यंत्रांचे लाड व्हायचे, माणसांनी स्वेटर घालून बसायचं. तिच्या मागून आलेले प्रबंध देऊन नोकऱ्यांना लागले, ही आपली तिथेच. लेझरचा झोत तिच्यासारखा जुळवणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे तिच्या मार्गदर्शक सरांच्यानं तिला सोडवत नव्हतं. नवरा दुसऱ्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत वाट बघत होता. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "नातवंडाचं राहू दे, त्या लेझरलाच मांडीवर घेते मी." ती हसायची, आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडायची.

या वेळी मात्र सुटका हाताशी आली होती. पडद्यावरच्या आलेखात तांब्याच्या एका रेषेचं शिखर मधोमध खाच पडून दुभंगलेलं दिसू लागलं. ज्वाळेतल्या जबर विद्युतक्षेत्रानं एका रेषेच्या दोन केल्या, असं सरांनी ठरवलं. हरखून लेख लिहिला. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही त्यावरच उभं राहिलं. आता फक्त सरांची सही बाकी होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली. ज्वाळेच्या गाभ्यातून निघालेला उजेड कडेच्या थंड वाफेतून बाहेर येतो. तीही तांब्याचीच वाफ, म्हणून नेमका तोच रंग गिळते. मग रेष दुभंगलेली नसतेच, नुसती मधून खाल्लेली असते. ओळखायची रीत सोपी. तांबं नावापुरतं असलेली ॲल्युमिनियमची पट्टी लावायची. गिळायला तांबंच पुरेसं नसेल तर तशी खाच बुजते; रेष खरीच दुभंगली असेल तर खाच राहते. पट्टी तिच्याच ड्रॉवरमध्ये होती, पण हात पुढे होईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खाच बुजली तर निकाल गेला, सही गेली, पुन्हा हाच अंधार. पट्टी लावलीच नाही, तर उद्या सामान बांधून नवऱ्याकडे. आणि कळणार कुणाला होतं?

तिनं फोन करून नवऱ्याला सगळं सांगितलं.

"लावू नकोस असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला, "पण लाव असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही गं."

"म्हणजे घोंगडं माझ्याच गळ्यात!" तिनं रागानं फोन ठेवला. त्याच रागात जाऊन पट्टी बसवली.

खाच बुजली. पडद्यावर एकच शिखर, सरळसोट. तिनं झोत पुन्हा जुळवला, पुन्हा पाहिलं. तेच. चष्म्याच्या आत डोळे भरून आले, तर चष्मा काढायचीही सोय नव्हती, लेझर चालू होता.

सर संतापतील म्हणून ती मन घट्ट करून त्यांच्यासमोर उभी राहिली. सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. चेहरा उतरला. मग हळूहळू खुलला.

"हे मला सुचायला हवं होतं. अगं, लेख छापून आला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. वाचवलंस मला."

तिला धीर आला. "मग सर, माझ्या प्रबंधावर सही?"

"आता कशावर करू? ते प्रकरण तर गेलं." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि तू जाऊन कसं चालेल? स्वतःच्या सुटकेवर पाणी सोडून खरं सांगणारं माणूस मला दुसरं कुठं मिळणार? आता ही वाफ किती उजेड गिळते, तेच मोजू या. हे तुझ्याशिवाय होणं नाही, पोरी."

ते दुष्ट असते तर भांडता आलं असतं. पण त्यांच्या आवाजात बापाची माया होती आणि डोळ्यांत खरंखुरं कौतुक.

"हो सर," तिच्या तोंडून निघून गेलं.