मात्सोमायचं माहेरपण

ग्योकहुनचा सगळा जन्म कालवं फोडण्यात गेला. समुद्रकाठच्या तिच्या गावात पहाटेच बायका बुटकी स्टुलं घेऊन बसतात आणि ढीग संपेपर्यंत उठत नाहीत. तिचं स्टूल नेमकं देवळासमोर. येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणा मारल्याशिवाय तिची सुरी चालत नसे.

गावातली मात्सोमाय, दर्याची देवी, वर्षातून एकदा माहेरी जाते. माहेर म्हणजे ताईनान शहराच्या जुन्या बाजारातलं मोठं देऊळ. मूर्ती वीतभर, पण तिला कोणी न्यायचं हे कौल लावून ठरतं. आजवर कौल पुरुषांनाच मिळाला, कारण नावं पुरुषांचीच पुढे केली जात. यंदा ग्योकहुनने स्वतःचं नाव पुढे केलं आणि देवीने लगेच होकार दिला. देवळाचे प्रमुख कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून म्हणाले, "जा बाई. पण दिवेलागणीच्या आत देवी गावात हवी. गावजेवणाची पंगत खोळंबली, तर पुन्हा बाईमाणसाचं नाव काढायचं नाही."

गाडी चालवायला तिचा दीर चायहिंग होता. शहरातल्या देवळात पोचल्यावर तिने मूर्ती तिथल्या थोरल्या, आईच्या मानाच्या मात्सोमायशेजारी बसवली, उदबत्त्या लावल्या आणि दुपारी निघण्यासाठी कौल लावला. कौलाच्या दोन लाकडी कोयऱ्या असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही पालथ्या पडल्या की नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देवी हसते आहे.

"माय, निघू या ना घरी?"

देवी हसली. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा चक्क नकार आला.

"वहिनी, काय घोळ घातलास?" चायहिंग कुजबुजला. "वाटेत देवीलाही टोमणे मारलेस की काय?"

ग्योकहुनला प्रमुखांचं तोंड डोळ्यांसमोर दिसू लागलं.

देवळाचा म्हातारा पुजारी, खूनकाका, भिंतीला टेकून चहा पीत होता. तो म्हणाला, "अगं, माहेरी आलेली लेक उंबऱ्यावरून परत जाते का? वर्षाने आली आहे ती. बाजार हिंडायचा आहे का, विचार की."

विचारलं. होकार आला.

मग ग्योकहुनने देवीला लाल झोळीत घालून छातीशी बांधलं आणि ती बाजारात शिरली. आजवर ती शहरात यायची ती कालवं टाकून पहिल्या गाडीने परतायला. आज मात्र रस्ता देवीचा होता. कापडाच्या गल्लीत तिने गुलाबी रेशमाचं ठाण उलगडायला लावलं. "मला नको, हिला दाखवते आहे," ती म्हणायची, आणि दुकानदारीण हात जोडून आणखी एक उलगडायची. उदबत्तीवाल्याकडे चंदनाचा वास घेतला. जुन्या बाजारपेठेच्या इमारतीत लिफ्टचा पाळणा होता, मजल्यांवर चढणारा. त्यात देवीला घेऊन ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

"देवीला चक्कर येईल," चायहिंग म्हणाला.

"जन्म लाटांवर काढला हिने. तुलाच येत असेल."

वाम माशाच्या नूडल्स कोणत्या गल्लीतल्या चांगल्या, यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती. एकीने तिला ओढलं, दुसरीने देवीलाच साक्षीला बोलावलं. गरम तव्यावरचा वास नाकात शिरला, पण ग्योकहुनने मान हलवली. "देवीच्या कामावर आहे, बायांनो. खायला फिरत नाही." चायहिंगने मात्र दोन्ही गल्ल्यांत खाऊन न्याय केला.

ऊन कलू लागलं तशी ती घाईने देवळात परतली. "झाला ना बाजार, माय? निघू या?"

देवी हसली.

आता मात्र तिला रडू फुटायचं बाकी होतं. "अजून काय राहिलं हिचं? सगळं तर दाखवलं."

"आणि तू काय खाल्लंस?" खूनकाकाने विचारलं.

"मी? मी कशाला खाऊ? मी का माहेरपणाला आले आहे?"

"लेकीला पोचवायला आलेलं माणूस उपाशी बसलं, तर आईच्या घशाखाली घास उतरेल का गं? विचार तरी."

ग्योकहुनला हा प्रश्न विचारायची लाज वाटली. आयुष्यात तिने देवीकडे नवऱ्याचा ताप उतरू दे म्हणून मागितलं होतं, पोरं परीक्षेत पास होऊ देत म्हणून मागितलं होतं. स्वतःच्या पोटाचं कधी काढलं नव्हतं. ती पुटपुटली, "माय, मी जेवू का?"

होकार.

बाजारातल्या नूडल्सच्या दुकानात जाऊन ती स्टुलावर बसली. तसंच बुटकं स्टूल, पण समोर कालवांचा ढीग नव्हता. वामाच्या नूडल्स गोड होत्या, या शहरात मिठाच्या आधी साखर पडते. मागून किसलेल्या बर्फावर आंब्याच्या फोडी आल्या. तिने वाडगा चाटूनपुसून साफ केला. ती इतकी सुखात होती की चायहिंगला टोमणा मारायचंही विसरली.

मग देवळात येऊन निघण्याचा कौल लावला, आणि होकार पहिल्याच झटक्यात आला. चायहिंग गाडीकडे धावला. दिवेलागणीला वेळ होता, पोचणार होते ते.

ग्योकहुन मात्र कोयऱ्या हातात धरून घुटमळली. गावात प्रमुख दारातच उभे असणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने थोरल्या मायच्या साक्षीनेच विचारून घेतलं, "पुढच्या वर्षी हिला मीच आणू?"

कोयऱ्या पडल्या, एक उताणी, एक पालथी.

"खूनकाका, तुम्ही पाहिलंत हं," ती म्हणाली, आणि देवीला छातीशी घट्ट बांधून गाडीकडे निघाली.