वर्तुळ न काढणारी रुबीना

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. चहाच्या उष्ट्या कपांसारखे ते टेबलावर साचतात, आणि विसळायची पाळी कुणाचीच नसते! आमच्या खगोलशास्त्र विभागात साचलेल्यांपैकी निम्मे तरी रुबीनाचे.

रुबीना मोमिनपुऱ्यातली. जवळच्या दीर्घिकांमधले तारे घोळक्याने कसे राहतात, हा तिचा विषय. सरांचा, म्हणजे आमच्या गाईडचा, हुकूम होता की प्रत्येक घोळक्याभोवती वर्तुळ काढायचं. नाहीतर पेपर पाठवायचा नाही, आणि पेपर नाही तर पीएचडी नाही.

"सर, तारे त्यांचे आहेत. वर्तुळ तुमचं आहे," रुबीना म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

*

सर हट्टी, तर ही सवाई हट्टी. तिने कॉम्प्युटरवर करूनच दाखवलं. अगदी खेटून असलेले तारे धरले तर दहा घोळके, जरा लांबचे धरले तर तेच दहा मिळून एक. घोळक्यात घोळके!

"मग मधलं काहीतरी धर की," सर म्हणाले.

"सर, घासाघीस करायला ही तुळशीबाग नव्हे."

*

ओपन डेला लोणी काळभोरचे एक बागायतदार आले. रुबीनाच्या ताऱ्यांचा फोटो बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "ताई, ह्यांची हद्द कुठं हाय?"

"हद्दच नाही, काका."

"मग भांडत्यात कशावर?"

तो प्रश्न रुबीनाने मोठ्या अक्षरात लिहून सरांच्या दारावर चिकटवला!

*

वाघोलीत ती फ्लॅट बघायला गेली, सोबत मी होते. तिचं नाव ऐकल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज एकदम गोड झाला. "अहो, तसं काही नाही, पण आमच्याकडे सगळे एकसारखे लोक राहतात."

मी संतापून दाराकडे वळले.

रुबीना मात्र शांतपणे त्यांच्या सोफ्यावर बसली. "एकत्र जन्मलेले तारेसुद्धा काही कोटी वर्षांत पांगतात. थांबते मी!"

फ्लॅट मिळाला नाही. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "आता तर वर्तुळ मुळीच काढणार नाही."

*

मग तिचा सेमिनार आला. पडदा मोडलेला, म्हणून फोटो थेट व्हाइटबोर्डवर पाडला होता, उरलेला भिंतीवर. सर पहिल्या रांगेतून गरजले, "सीमा सापडत नाही, हा निष्कर्ष नव्हे. आळस आहे!"

रुबीनाने मार्कर पुढे केला. "आपणच काढा, सर."

सरांनी झोकात वर्तुळ काढलं.

"आणि हा बाहेर राहिलेला?"

सरांनी वर्तुळ वाढवलं.

"आणि हे चार?"

आणखी वाढवलं. बोर्ड संपला आणि सरांचा हात भिंतीवर गेला! सर थबकले, मार्करला टोपण लावलं, "वर्तुळांशिवाय पाठव पेपर," म्हणाले आणि चहाला निघून गेले.

दिवाळीआधी रंगारी आले. सर स्वतः त्या भिंतीपाशी उभे. "ही रेघ सोडून रंगवा."

"कुठपर्यंत सोडू, साहेब?"

सरांनी रुबीनाकडे बघितलं.

"मार्कर देऊ, सर?"