दादाची सुरी आणि आमची भांडणं

फोन आला तेव्हा मी जव्हारला मोखाड्याच्या जीपमध्ये बसले होते. शनिवारची सकाळची शाळा आटोपून, थोडा बाजार करून दादाकडेच निघाले होते, आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची तयारी करत होते. विषय होता त्याच्या सुरीची मूठ. तिला बारीक चीर गेली होती. ती बदल, असं मी सगळा पावसाळा सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. आज त्याला गप्प करायचंच म्हणून मुद्दे जुळवत होते, तेवढ्यात वहिनीचा आवाज कानावर आला... "बाय, तुझा दादा उठत नाय गं." जेवून अंगणात बाजेवर आडवा झाला, तो तसाच राहिला. ना दुखणं, ना दवाखाना. दादाच्या गावाला, पोशेऱ्याला पोचेपर्यंत जीपवाल्यानं गाणी बंद ठेवली होती. माझ्या डोक्यात मात्र ते मुद्दे तसेच फिरत होते. भांडणारा माणूसच गेल्यावर तयार मुद्द्यांचं करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही.

देवराम माझा चुलतभाऊ, माझ्याहून मोठा. आम्ही दोघंही भात-नागलीच्या शेतातून शिकून बाहेर पडलो. मी शिक्षिका झाले, तो मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून. कचेरीत हा माणूस इतका मवाळ की साहेबानं दुपारला सकाळ म्हटलं तरी मान डोलवायचा. माझ्यापुढे मात्र त्याची जीभ सुटायची. भाकरी जाड बरी की पातळ, चूल कुठल्या दिशेला तोंड करून मांडावी, पाहुण्याला आधी पाणी द्यावं की आधी बसायला... आमचं कशावरही जुंपायचं. वहिनी चुलीपाशी बसून ऐकायची. ती स्वतः कधी कुणाशी भांडली नाही. "तुम्ही दोघा भांडतंस तवा घरात आवाज असतो," असं ती म्हणायची, आणि आम्ही थकलो की चहा आणून ठेवायची. मला सख्खा भाऊ नाही. तो मला या भांडणांतून मिळाला होता, आणि गेला तो सख्ख्या भावाच्याच मोलाचा माणूस गेला.

नोकरीतून मोकळा झाल्यावर त्यानं वेगळंच खूळ घेतलं. जव्हारजवळचं शिरपामाळ हे ऐतिहासिक ठिकाण बघायला येणारी मुंबई-ठाण्याची मंडळी गाडीतून उतरायची, फोटो काढायची आणि परत फिरायची. दादा म्हणायचा, "ह्यांना रान दिसतच नाय. एक रात तरी राहायला पायजे." गावाबाहेरच्या आपल्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या माळाच्या जमिनीवर, ओहोळाच्या अलीकडे, त्यानं रानमुक्काम सुरू केला. पाच-सात माणसं येत, तंबू ठोकत, स्वतः चूल पेटवत, स्वतः रांधत. शाळेला सुट्टी असली की मीही मदतीला असायचे. स्वयंपाक वहिनी सांगायची, पण करायचा पाहुण्यांनी. आयतं वाढायचं नाही, हा दादाचा नियम होता. त्यावरूनही आमचं भांडण झालंच, कारण पहिल्या खेपेला आलेल्या मंडळींनी केलेली आमटी मलाच गिळावी लागली होती.

सुरी आली ती याच कामासाठी. आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्या बाप्याच्या कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता असतोच. पण कोयत्यानं चमचा कोरता येत नाही, आणि नवख्या माणसाच्या हातात तो द्यायला भीती वाटते. पाहुणे आपापले मिटणारे चाकू आणत. ते लाकूड चिरताना सांध्यात खिळखिळे होत. "मिटतो तो सफरचंदाला. रानात न मिटणारा पायजे," दादा म्हणाला, आणि जुन्या जीपच्या स्प्रिंगचा एक पोलादी पाटा घेऊन मोखाड्याच्या लोहाराकडे गेला. भाता त्यानं स्वतः ओढला, घण स्वतः मारला. पहिलं पातं पाणी पाजताना, तापवून पाण्यात बुडवताना, तडकलं. तो तसाच परत येऊन नवा तुकडा घेऊन गेला. दुसऱ्या वेळी जमलं. वीतभर लांब, पाठ जाड, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेलं, वरून तिवसाच्या लाकडाची मूठ पितळी खिळ्यांनी ठोकलेली. देखणी मुळीच नव्हती. मी म्हटलं, "दादा, ही सुरी आहे की दाराची कडी?" त्यावर तो दोन दिवस माझ्याशी तावातावानं बोलत होता. पण त्या सुरीनं काय नाही केलं! दवानं भिजलेलं लाकूड उभं धरून त्यावर सुरी टेकवली आणि तिच्या पाठीवर दांडका हाणला की ते सरळ दुभंगायचं, आत कोरडा गाभा निघायचा. त्याच गाभ्याची कुरळी सालपटं काढली की एका काडीत चूल पेटायची. तंबूच्या खुंट्या, पातेलं टांगायचा आकडा, बांबूचे पेले, सगळं तिनंच. रोज संध्याकाळी दादा ती ओहोळातल्या एका सपाट दगडावर घासायचा, करंजाचं तेल चोळायचा आणि लाकडी म्यानात घालायचा. वापरून वापरून मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता.

आणि एक गोष्ट तो कधी चुकवत नसे. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही. दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण लागतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. सुरी जमिनीवर ठेवायची, घेणाऱ्यानं वाकून उचलायची. पाहुणे हात पुढे करत, दादा शांतपणे खाली ठेवी. मी चिडवायचे, "आपण तर रोज भांडतो. आणखी काय लागायचं राहिलंय?" तो गंभीर व्हायचा. "ही भांडणा वेगळी. सुरीनं लागली की माणूस तोंड बघत नाय."

मग एकदा पाऊस सरता सरता, ओहोळाला अजून पाणी असताना, मंडळींना पलीकडे न्यायचं होतं. दोन झाडांना दोर बांधला होता. एक बाई मधोमध घसरली आणि दोराचा सुटलेला फेर तिच्या पायाला आवळला. पाण्याची ओढ तिला खाली खेचत होती. दादानं एका हातानं तिला उचलून धरलं, दुसरा हात कमरेला गेला. ताणलेला दोर माझ्या बाजूला होता. मी छातीभर पाण्यात उभी, जमीन पाण्याखाली, ठेवायला जागा कुठं? त्यानं सुरी मूठ पुढे करून माझ्या हातात दिली. "काप!" मी कापला. दोर तटकन तुटला, बाई सुटली, सगळे काठावर आले. बाई हसू-रडू लागली, कुणी टाळ्या वाजवल्या. दादा मात्र दगडावर बसून माझ्याकडे बघत होता. "मंजे," तो म्हणाला, "हातात दिली मी." मी हसले. तो हसला नाही.

त्या दिवसापासून दादानं भांडणं सोडलं. मी म्हणेन ते खरं. भाकरी जाड? "जाड." नाही, पातळच बरी. "पातळ बरी." लागायचं असलेलं भांडण लागूच द्यायचं नाही, असा त्यानं मनाशी बेत केला होता. शब्दाला शब्द लागला नाही तर तंटा येईल कुठून? मला आधी गंमत वाटली, मग राग यायला लागला, आणि शेवटी भीती वाटायला लागली. मी शनिवारी जायचे, दोघंही गोड बोलायचो, चहा प्यायचो आणि मी लवकरची जीप धरायचे. मग दर शनिवारी जाणंही सुटलं. पाहुण्याचा मान राखावा तसा तो माझा मान राखत होता, आणि मला तो मान नको होता. वहिनीनं एकदा बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा काय भांडण झाला काय?" मी म्हटलं, "नाही गं. तेच तर होत नाही."

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या मुक्कामाला मी मुद्दाम लवकर गेले, आणि पाहुणे यायच्या आत माझा तंबू बरोब्बर ऐनाच्या झाडाच्या वाळलेल्या फांदीखाली ठोकला. वाळल्या फांदीखाली झोपायचं नाही, हा दादाचा सगळ्यांत पहिला धडा. तो आला. वर बघितलं, खाली बघितलं, तोंड फिरवून चुलीचे दगड मांडायला लागला. पुन्हा आला. फांदीकडे बघत उभा राहिला. मी शांतपणे आत अंथरूण घालत होते. "बेस जागा हाय ना?" मी विचारलं. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. आणि मग फुटला... "शाळेत पोरांना असाच शिकवतंस काय? मरायचा हाय काय तुला?" मी म्हटलं, मरेन नाहीतर काही करेन, तुला काय? मग जे सुरू झालं! जाड भाकरी निघाली, पातळ भाकरी निघाली, दाराची कडी निघाली, लहानपणी मी खाल्लेला त्याच्या वाट्याचा गूळ निघाला. दोन महिन्यांचं तुंबलेलं दोघांनीही मोकळं केलं. पाहुणे येऊन पोचले तसे चार पावलं मागे सरकून उभे राहिले. आमचे आवाज बसले तेव्हा दादा मटकन खाली बसला आणि डोळे पुसत हसायला लागला. "झाला! लागायचा तो भांडण लागला. फिटला आता." मग त्यानं उठून माझा तंबू स्वतःच्या हातानं उपटला. नव्या जागेवरून पुन्हा वाद झालाच.

त्यानंतर पुढचा पावसाळा सरेपर्यंत आम्ही तोंडभर भांडलो, अगदी मुठीच्या चिरीपर्यंत.

दादा गेल्यावर सगळे माझ्याशी फार चांगले वागले. मी बोलेन त्याला माना डोलवायचे. भाचा, दादाचा मुलगा, ठाण्याहून आला होता. तो म्हणाला, बाबांची सुरी काचेच्या पेटीत घालून फोटोखाली लावू. मी म्हटलं, "लाव." भांडायचं बळच नव्हतं. दादाशिवाय मुक्काम होणार नाही, असं ज्यानं-त्यानं धरून ठेवलं होतं, आणि मीही ऐकून घेत होते.

दिवसकार्य उरकून माणसं पांगली. मी निघायला पिशवी उचलली, तेव्हा वहिनी आतून सुरी घेऊन आली. म्यानातून काढलेली, तेल चोळलेली. मला वाटलं, खाली ठेवील. मी वाकले. तिनं ठेवली नाही. मूठ माझ्याकडे करून हात पुढे धरून उभी राहिली.

"वहिनी, खाली ठेव," मी म्हटलं.

"नाय ठेवत. हातात घे." तिनं मूठ आणखी पुढे केली. "लागू दे भांडण. घरात आवाज नाय राहिला, बाय... कुणीतरी भांडायला ये."

मी सुरी तिच्या हातातून घेतली. अंगठा आपोआप दादाच्या खळग्यात जाऊन बसला. मोठाच होता तो खळगा, माझा अंगठा त्यात हरवला. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी मूठ उलटून-पालटून बघायला लागले.

"पेटी-बिटी काही नको. पुढच्या मुक्कामाला हीच वापरायची," मी म्हटलं. "पण ही मूठ चिरलीय. बदलायला पाहिजे."

"नाय बदलायची," वहिनी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा.

"अगं, हाताला लागेल."

"लागू दे. तुला काय कळतंय त्यातला?"

मी पिशवी खाली ठेवली आणि जुळवून ठेवलेला पहिला मुद्दा काढला. शेवटची जीप चुकली.