कुसुमताईच्या दोघी

कुसुमताई जाऊन आता दीड महिना होत आला. तो शनिवार होता. सकाळची शाळा करून मी सिंदी मेघेच्या घरी येऊन पोळ्या टाकत होते, तर दारात ताईचे दीर उभे. माणूस एवढा लांब तळेगावहून आलेला, पण चपला काढीना, पाणी घेईना. ‘‘बाई, तुम्ही निघा,’’ एवढंच म्हणाले. ताई पंधरा दिवसांपासून काविळीनं अंथरुणाला खिळली होती, हे मला ठाऊक होतं. येत्या रविवारी जायचंच, असं मी दोन रविवार नुसतं म्हणत राहिले... त्याचा राग मला अजून स्वतःचाच येतो.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती चौथीपर्यंत शिकली, आणि मी मराठीची मास्तरीण झाले, याचं तिला कोण कौतुक! घरी पत्र आलं तर तिला वाचता येत असूनही ‘बेबी आली की वाचीन’ म्हणून ती ते फडताळात ठेवून द्यायची. सासरी तिचा आवाज ओसरीच्या बाहेर कधी गेला नाही. जावा बोलत, सासू बोले, ही आपली ऐकत राही. मी चिडायची. ‘‘तू काही बोलत का नाहीस?’’ म्हटलं की हसून म्हणे, ‘‘बोलून काय होते बेबी?’’

तिची पहिली मुलगी उर्मिला. तीन वर्षांची होऊन गेली. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी आर्वीला दवाखान्यात न्यायला म्हणून एसटीत बसले, आणि आर्वी यायच्या आतच पोर ताईच्या मांडीवर गेली. शेजारच्या बाईला वाटलं, झोपली. ताईनंही कुणाला काही सांगितलं नाही. आर्वीचा स्टँड येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही तूर निवडता निवडता, मान वर न करता.

आणीबाणी लागली त्या साली दुसरी मुलगी झाली, आणि ताई हटून बसली. नाव उर्मिलाच ठेवायचं. सासूनं साफ नाही म्हटलं. ‘‘गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा ठेवत नसतात बाप्पा. हिलेबी थ्याच वाटेनं धाडतं का?’’ त्यांच्या घरातली ही जुनी रीत होती, आणि आमच्याही. भाऊजी मधल्या मध्ये गप्प. ताईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. बाळंतीण बाई, अंगावर पिणारं पोर... मग मी शहाणी पुढं झाले. म्हटलं, पहिलीचं नाव आपण ऱ्हस्व उ काढून लिहीत होतो. खरं शुद्ध नाव दीर्घ ऊ काढून लिहितात. हिचं तसं लिहू, म्हणजे नाव वेगळंच झालं ना! सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणाल्या, ‘‘कागदावर काईबी लिवा तुमी. हाक मारशान तवा कोणती येईन?’’ पण मास्तरणीच्या शब्दाला मान होता, आणि त्या बापड्या गप्प बसल्या.

बारशाला तांदळाच्या ताटात आईनं बोटानं नाव लिहायचं, अशी त्यांच्या घरची पद्धत. ताईनं लिहिलं ते जुनंच, पहिलीचं. बोट तांदळात तसंच राहिलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि त्या पहिल्या अक्षराला हळूच एक शेपूट काढलं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी गाणी म्हटली. मी तर स्वतःवर भलती खूश होते. दोन बायकांचं भांडण एका अक्षरात मिटवलं, असं मी पुढं कितीतरी दिवस लोकांना रंगवून सांगत असे.

ताईच्या मागं मात्र ते अक्षर कायमचं लागलं. शाळेत मास्तरांनी सवयीनं ऱ्हस्व लिहिलं, तर माझी ती मुकी बहीण पोरीचं बोट धरून शाळेत गेली आणि मास्तर दुरुस्त करेपर्यंत वर्गाच्या दारातून हलली नाही. मास्तर म्हणाले, काय फरक पडतो? तिला पडत होता. ऱ्हस्व लिहिलं तर पोरीला काही होईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

पुढं नवी रेशनकार्डं लिहायला गावात एक जण आला आणि शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसला. मी दिवाळीच्या सुटीत तिथंच होते. जुन्या कार्डावर थोरलीचं नाव तसंच होतं. इतक्या वर्षांत ताईनं ते कमी करू दिलं नव्हतं. तिच्या वाट्याची साखर मात्र कधी घरी आणली नाही. त्या माणसानं एकाखाली एक दोन नावं पाहिली, चुकून दोनदा लिहिलं असं समजला आणि खालचं सटकन कापलं. ते धाकटीचं. ताई पांढरीफटक पडली.

‘‘भाऊ, थे जित्ती हाये. काऊन कापलं?’’

‘‘मग वरचं कापू काय? दोन दोन कशा राह्यतीन बाई? एक सांगा.’’

मागं रांग खोळंबलेली. मी बोलायला पुढं झाले, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. ‘‘मले सांगू दे.’’ तिनं कार्डावरच्या वरच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘‘वरचं कापा. थे... थे नाई आता.’’

थोरली गेल्यापासून हे तिनं पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं. त्यानं रेघ ओढली, खालचं पुन्हा लिहिलं, आणि पुढच्याला हाक दिली. त्या दिवशी मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. थोरलीसाठी एकदाचं रडून मोकळं व्हायचं, ते मी तिला होऊ दिलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर धाकट्या ऊर्मिलाला मी शाळेसाठी माझ्याकडं घेऊन आले. बारा वर्षांची आहे, समंजस आहे. पण हाक मारली की ओ देईना. दुसऱ्यांदा मारली की लगेच हजर. चार-पाच दिवस पाहिलं, मग एकदा मी रागावलेच, ‘‘पहिल्यांदा ऐकू येत नाही का गं?’’

ती खाली पाहत उभी राहिली. ‘‘आई दोनदा हाक मारे, मावशी. पयली माही नव्हती.’’

‘‘मग कोणाची?’’

‘‘माह्या थोरल्या ताईची.’’

‘‘आईनं सांगितलं होतं तुला?’’

‘‘नाई. मले समजे.’’

मी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो... आता मीही दोनदा हाक मारते. पहिली मारली की थोडी थांबते, मग दुसरी.