पालकाने प्रत्यक्ष येऊन न्यावे

फोन वाजला आणि पडद्यावर नाव उमटलं : ‘स्थानिक पालक’. वसतिगृह सोडून मला काही वर्षं झाली, अकोल्यात नोकरी लागली, मधल्या काळात फोनही बदलला. पण पद्मामावशीचा नंबर मी प्रवेशाच्या दिवशी ज्या नावानं साठवला होता, त्याच नावानं तो राहिला होता. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उभी होते. हळू आवाजात ‘हं, मावशी’ म्हटलं, तर पलीकडे काका. त्यात नवल नव्हतं. मावशीचा फोन अलीकडे काकाच उचलत. ‘‘रंजू, तुही मावशी गेली वं,’’ ते म्हणाले. मग, ‘‘सकाळी. सैपाकखोलीत. दवाखान्यात न्याची वेळच नाही आली...’’ हातातलं पुस्तक मी पुन्हा फळीवर ठेवलं, ते चुकीच्या जागी ठेवलं हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

मावशी म्हणजे आईची दूरची मावसबहीण. आम्ही अकोटकडचे. अमरावतीला पीएच.डी.साठी माझी निवड होईपर्यंत मावशीला मी लग्नकार्यातच पाहिलं होतं, तेही पंगतीत वाढताना. विद्यापीठाच्या संशोधक मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि बरोबर एक नियमावली हातात आली. फाटक संध्याकाळी सातला बंद. खोलीत हीटर, इस्त्री, शेगडी चालणार नाही. कूलर स्वतःचा, होळीनंतर, लेखी परवानगीनं. मेसमध्ये जेवायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. आणि शनिवार-रविवार बाहेर राहायचं असेल तर महिन्यातून दोनदा, तेही ‘स्थानिक पालकाने विद्यार्थिनीस प्रत्यक्ष येऊन न्यावे व प्रत्यक्ष आणून सोडावे’. अमरावतीत आमचं दुसरं कोणी नव्हतं. बाबा मला घेऊन बडनेरा रस्त्याकडच्या मावशीच्या घरी गेले.

काका नुकतेच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. जन्मभर लिपिक होते. त्यांनी चहा बाजूला ठेवून नियमावली पहिल्या पानापासून वाचली, ओळीखाली पेन्सिल सरकवत. अर्जातल्या पालकाच्या रकान्यात काकांचंच नाव येणार हे गृहीत होतं, बाबांनी पेनचं टोपणही काढलं होतं. तेवढ्यात काका म्हणाले, ‘‘थांबा भाऊ. ‘पालक शक्यतो स्त्री असावी’ असं लिहून हाय इथं.’’

स्वयंपाकखोलीच्या दारातून आवाज आला, ‘‘मंग माह्यं लिहा.’’

काकांनी वळून पाहिलं. ‘‘तुले झेपन का? दोन ऑटो बदला लागतात. दर खेपी जा लागन, आना लागन.’’

‘‘नियम हाय ना?’’

‘‘हाव, नियम तं हाय,’’ काका म्हणाले, आणि आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी स्वतःच तिचं नाव लिहिलं.

काका वाईट माणूस नव्हते, हे आधीच लिहायला हवं. त्यांनी मावशीवर कधी आवाज चढवल्याचं मी ऐकलं नाही. उलट घराबाहेरचं प्रत्येक काम ते स्वतः करत. भाजी तेच आणत, दळण तेच, औषधं तेच. बांगड्यासुद्धा जुन्या बांगडीचं माप नेऊन आणत. चपला घ्यायच्या झाल्या तर मावशीचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढत आणि तो कागद दुकानात नेत. ‘‘तिले कायचाच तरास नाही,’’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समाधानानं सांगत. मावशी कधी पदर सावरून दाराशी उभी राहिली की ते पेपरातून मान वर करत. ‘‘कुठं वं? काय पाहिजे? सांग ना, मी आनतो.’’ पण आणून देण्यासारखं तिला काही नकोच असायचं. ती पुन्हा आत जायची. नोकरीत असताना काका दिवसभर बाहेर तरी असत. निवृत्तीनंतर त्यांची खुर्ची दारासमोर आली होती.

मला हे सगळं त्या काळी दिसत नव्हतं. मला माझंच दिसत होतं. एम.ए. झालेली, सव्वीस वर्षांची मुलगी मी, आणि शनिवारी बालवाडीतल्या पोरासारखं कोणी न्यायला येईपर्यंत फाटकाच्या आत उभं राहायचं. सातनंतर खिडकीतून विद्यापीठाच्या रस्त्यावरचे दिवे दिसत, चहाच्या टपरीवर उभे मुलगे दिसत. आम्ही गजांना कपाळ लावून पाहायचो. कधी कधी वाचता वाचता मी उगाचच जिना उतरून बंद फाटकापर्यंत जाऊन परत यायची. पहिल्या शनिवारी मावशी आली तेव्हा मी बॅग खांद्याला लावूनच खाली धावले. ती फाटकाशेजारच्या कडुनिंबाखाली, सिमेंटच्या बाकावर बसली होती. पायांशी चपला काढून ठेवल्या होत्या, जशा घरात काढतात तशा. ‘‘चल मावशी,’’ मी म्हटलं. ती जरा सरकली. ‘‘बस ना. काय घाई हाय?’’

मला वाटलं, ऑटोच्या धक्क्यांनी दमली असेल. पण दर वेळी तेच. मी उतरायच्या आधी निवांत बसायला मिळावं म्हणून ती लवकर येऊ लागली. खिडकीतून मला तिचा पांढरा अंबाडा दिसायचा. ती काही करत नसायची. रस्ता पाहायची, जाणाऱ्या मुली पाहायची, पर्समधून भाजलेले शेंगदाणे काढून फाटकावरच्या वनिताताईंना द्यायची. वनिताताई आमच्या पहारेकरी, तोंडाच्या फटकळ. ‘‘मावशी, तुमची पोरगी तयार होऊन उभी हाय अन् तुमीच तिले बसवून ठेवून राहिल्या. न्याले आल्या का राहाले?’’

‘‘राहाले देता का? आताच पेटी आणीन मी.’’

‘‘पेटी आणा, पन इथं पालक लागते. तुमचा पालक कोन?’’

‘‘हे रंजू हाय ना,’’ मावशी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की मीही हसले. घरी ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला पालकांना वर खोलीपर्यंत येऊ देत. मावशी आली. खोलीत पाहण्यासारखं काय होतं... एक लोखंडी पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीतलं कपाट, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. कूलरमुळे अर्धी खिडकी अडलेली. मी माझं रडगाणं लावलं, की मावशी, हा तुरुंग आहे. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ती दाराजवळ गेली, आतली कडी लावली, काढली, पुन्हा लावली. ‘‘हे कडी तूच लावते?’’

‘‘हो.’’

‘‘अन् मंग कोनी वाजवत नाही?’’

‘‘नाही. कोण वाजवणार?’’

ती टेबलापाशी माझ्या खुर्चीवर बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तशीच बसून राहिली. खाली कार्यक्रम सुरू झाल्याची घोषणा झाली तेव्हा मी कडी काढली.

मग तो नियम बदलला. वसतिगृहानं फोनवरची नवी पद्धत आणली : मुलीनं अर्ज केला की पालकाच्या फोनवर संदेश जाणार, पालकानं हिरव्या खुणेवर बोट दाबलं की मुलगी एकटी बाहेर पडायला मोकळी. आमच्या मजल्यावर त्या दिवशी मेसमधून जास्तीचा शिरा मागवून आनंद साजरा झाला. पुढच्या शनिवारी मी मावशीकडे असताना परिपत्रक तिच्या फोनवर आलं. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. ‘‘हे बरं केलं यायनं. आता जायचं काम नाही तुले. हे हिरवं दिसलं का दाबायचं, बस.’’ मावशी मेथी निवडत होती. तिनं मान हलवली आणि निवडत राहिली. निवडलेली जुडी तिनं पुन्हा एकदा निवडली.

त्यानंतरच्या सुट्टीला मी बॅग घेऊन फाटकाशी उभी. बाकीच्या मुली एकेक करत गेल्या. वनिताताई म्हणाल्या, ‘‘तुह्या मावशीचा होकारच नाही आला. अर्धा तास झाला. आता जुना नियम : पालकानं या लागते.’’ मी चिडून फोन लावला. मावशी म्हणाली, ‘‘कायचा मेसेज वं? थांब, येऊन राहिली मी.’’ आणि आली. राजापेठ, राजकमल, पंचवटी असा तोच रस्ता, तेच दोन ऑटो. कडुनिंबाखाली बसली, चपला काढल्या. मी म्हटलं, ‘‘मावशी, फक्त एक बटण दाबायचं होतं.’’ रस्त्याकडे पाहत ती म्हणाली, ‘‘माह्या बोटानं दबतच नाही ते.’’

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. त्याच बोटांनी ती चष्म्याशिवाय सुई ओवायची. मग मी बॅग खाली ठेवली आणि शेजारी बसले. पुढच्या प्रत्येक खेपेला होकार आला नाही, मावशी आली. घरी काका फोन तपासत. ‘‘दबते तं बराबर.’’

‘‘तुमच्या बोटानं दबते,’’ मावशी म्हणायची.

पण काका कचेरीतला माणूस. यंत्रणेत दोष आहे आणि त्यापायी बायकोला नाहक हेलपाटे पडतात, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि स्कूटरवर बसून स्वतः वसतिगृहाच्या कार्यालयात आले. प्रकरण माझं म्हणून मलाही बोलावलं. तिथल्या बाईंनी समजुतीनं संगणकाचा पडदा काकांकडे वळवला. प्रत्येक संदेश पोहोचला होता. आल्या आल्या उघडलाही गेला होता. होकार तेवढा दिलेला नव्हता. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग आपल्या अर्जाची चौपदरी घडी केली आणि खिशात ठेवली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘उघडून पाहे ती... दर खेपी.’’ वनिताताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ‘‘तुमी मावशीचे घरवाले का? बसा ना भाऊ. हेच तिची जागा.’’ काका बाकाकडे पाहत उभे राहिले. बसले नाहीत. स्कूटर सुरू व्हायला त्या दिवशी फार किका माराव्या लागल्या.

घरी काही भांडण झालं नाही. पुढच्या खेपेला मी अर्ज केला आणि जिना उतरायच्या आत होकार आला. दोन ऑटो बदलून मी एकटीच गेले. मावशीनं दार उघडलं. तिचा फोन काकांच्या सदऱ्याच्या खिशात होता. ‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले, ‘‘तिचा तरास वाचला.’’ मावशीनं मला पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘वनिता काय म्हणते?’’ तेव्हापासून ती दर वेळी हेच विचारायची. वनिताताई काय म्हणतात, निंबाला मोहर आला का, बाकावर आता कोण बसतं. मी सगळं सांगायची. काका पिशवीतून भाजी आणत तसं मीही तिला तिथलं काही घरपोच आणून देत होते. एकदा मी म्हटलं, ‘‘काका, मावशीला जरा पंचवटी चौकापर्यंत फिरवून आणते.’’ ते खरोखर गोंधळून म्हणाले, ‘‘काहून? काय पाहिजे तिले?’’ आम्ही दोघांनी मावशीकडे पाहिलं. ‘‘काही नाही बाप्पा,’’ ती म्हणाली.

प्रबंध झाला, अकोल्याला नोकरी लागली. माझी खोली, माझी कडी, माझी किल्ली. जाता-येता मावशीकडे डोकावायची. शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. निघताना ती फाटकापर्यंत आली, हात फाटकाच्या आतच ठेवून म्हणाली, ‘‘बस ना, काय घाई हाय?’’ मी ओट्याच्या पायरीवर बसले. तीही बसली. रस्त्यावरून एक आइसक्रीमची गाडी गेली, दोन बायका गेल्या. आतून काकांनी विचारलं, ‘‘काही पाहिजे का वं?’’

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी काकांनी मला थांबवून घेतलं. कपाटातून एक खोकं काढलं. त्यात तपकिरी चपलांचा जोड आणि खाली घडी केलेलं वर्तमानपत्र, त्यावर पेन्सिलीनं ओढलेला तिचा पाय. ‘‘तुह्या पायाले होतात का पाह्य,’’ ते म्हणाले. ‘‘माप मी बराबर घेतलं होतं. पन घातल्याच नाही तिनं. काहून नसन घातल्या?’’ मी एक चप्पल उलटी केली. तळाला दुकानाची चिकटवलेली चिठ्ठी जशीच्या तशी होती. काका माझ्याकडे पाहत होते. ते विचारत होते, टोमणा मारत नव्हते. त्यांच्या त्या दारासमोरच्या खुर्चीवर आता ते स्वतःच अडकून पडल्यासारखे दिसत होते, आणि त्यांना काय आणून द्यावं हे मला कळेना. ‘‘नेते मी,’’ एवढंच म्हटलं.

अकोल्याची बस पकडायची होती. पण ऑटोवाल्याला मी विद्यापीठाकडे घ्यायला सांगितलं. वनिताताई आता तिथं नाहीत. फाटकावर एक तरुण बाई होती, नवी. कडुनिंब आहे, बाकही आहे. मी खोक्यासकट बसले. पायातल्या चपला काढून ठेवल्या. मुली हातातले फोन दाखवून एकेकट्या बाहेर पडत होत्या, भरभर, मागे न पाहता. थोड्या वेळानं ती बाई जवळ आली.

‘‘मॅडम, कोनाले न्याले आल्या?’’

‘‘कोणाला नाही,’’ मी म्हटलं. ‘‘नुसतं बसायचं होतं थोडं.’’

तिनं माझ्याकडे, मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं आणि आपल्या खुर्चीकडे परत वळली.

‘‘बसा ना मंग. काय घाई हाय.’’