लाल गोठा, पांढरं घर

शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर तर कोंबडीचे पाय. कोणी वाचलंच तर माफ करावं. चौथीनंतर हातात पेन आलं ते वाण्याच्या यादीपुरतंच.

अमेरिकेत रेडमंडला आम्ही एका खोलीत राहायचो. हे हॉटेलात स्वयंपाकी, मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरी पोळ्या करायचे. डोंगरापलीकडे पाच एकर जमिनीसकट एक घर स्वस्तात निघालंय, असं यांना कळलं. बँक कर्ज देईना. मालकीणबाई म्हाताऱ्या, एकट्या. त्या म्हणाल्या, हप्ते मलाच द्या. पण एक जरी चुकला तर घर परत माझं.

पाहायला गेलो तर रस्त्यालगतच भलंथोरलं लाल लाकडी घर. आमच्या गावच्या देवळाहून उंच. मी चपला काढल्या, पिशवीतली पुडी सोडून दाराला हळदकुंकू लावलं, हात जोडले.

"अगं, हा गोठा आहे," हे म्हणाले. "घर ते मागचं, पांढरं."

"गुरांना एवढं?"

"मग? पुढच्या जन्मी म्हैस हो, लगेच मिळेल."

मी लाजेने मान वर करीना. जरा वेळाने विचारलं, "अहो, बांध कुठवर?" यांनी लांबच्या झाडांकडे हात केला. ती झाडं मला दुसऱ्याच गावची वाटली होती. माहेरी हातभर बांधावरून भाऊबंद कोर्टात गेलेले. इथे पाऊल टाकतानासुद्धा वाटायचं, आता कोणीतरी हटकेल. कोणी हटकलं नाही. नुसता वारा, आणि वर केवढं तरी आभाळ.

राहायला आलो. हे हायवेवरच्या ढाब्यात लागले. मी मेथी, अंबाडी लावली. दर शनिवारी पोळ्यांबरोबर ती रेडमंडला जायची. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाला, मग ढाबाही. हप्त्याचे पैसे जमेनात. हे नुसते चुलीपाशी बसून. दुकानात सुटे मागायलाही मी बिचकते, पण त्या दिवशी मालकीणबाईंना फोन मीच लावला.

"आजी, मनी नो. स्नो. नेक्स्ट मंथ, टू."

 त्या सावकाश, मला समजेल असं बोलल्या, "ओके, डिअर. स्टे वॉर्म."

कागदाप्रमाणे घर त्यांचं झालं होतं. ते त्यांनी घेतलं नाही, का ते मला आजही कळत नाही. फोन ठेवून मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम दिले. नंतर एकही चुकवला नाही. गेल्या मंगळवारी शेवटचा दिला. आजींनी घर आमच्या नावावर करायच्या कागदावर सही केली. सगळे पैसे फिटले.